जाळरेषेवर

अक्षता नळावरून परतली तेव्हा सासऱ्यांची बाज रिकामी होती. खुंटीवरचा विळाही नव्हता.

शेजारची शकीला कुंपणापाशी आली. "तुझे मामा डोंगराकडं गेले. म्या लई हाका मारल्या, थांबलेच न्हाई."

नवरा कल्याण सकाळीच भोकरदनला गेला होता. अक्षतानं पाण्याची बाटली घेतली, मोबाइल घेतला आणि निघाली.

धावडा गावाच्या मागचा डोंगर कुठूनही सरळ दिसतो आणि त्याच्यावरची जाळरेषाही. वणवा इकडून तिकडं जाऊ नये म्हणून जंगल खात्यानं झाडं तोडून, गवत जाळून काढलेला हा उघडा पट्टा. सासऱ्यांनी, रखमाजींनी, तीस वर्षं वनमजूर म्हणून तोच साफ केला होता. दोन वर्षांपासून त्यांना माणसं ओळखू येत नव्हती, पण कामावर जायचं तेवढं रोज ध्यानात यायचं.

पट्टा माणसांनी चालायला काढलेला नव्हताच. ना वळण, ना सावली. पायथ्यापासून माथ्यापर्यंत थेट चढ. एप्रिलचं ऊन पाठीवर होतं. मुरमावरून दोनदा तिचा पाय सटकला, तळहात सोलला. डाव्या हाताला खोल घळ होती. तिकडं बघायचं नाही असं ठरवून ती चढत राहिली.

अर्ध्या चढावर रखमाजी भेटले. उकिडवे बसून ते नुसत्या जमिनीवर विळा चालवत होते. तिथं गवताची काडीही नव्हती.

"मामा, घरी चला."

त्यांनी मान वर केली. "इतका उशीर? हजेरी झाली की बाई. चल, जल्दी हात चालव."

समजावायला गेलं की ते चिडायचे, हे तिला ठाऊक होतं. ती शेजारी बसली आणि तीही मुरूम उकरू लागली. थोड्या वेळानं ते उठून वर निघाले, तशी ती घळीच्या बाजूनं त्यांच्यासोबत चालू लागली.

"घरी कोण कोण हाय तुमच्या?" तिनं विचारलं.

"पोरगा हाय. अन् एक पोरगी हाय. कोण हाय ते आठवत न्हाई. जेवायला बराबर वेळेवर वाढती." ते दम घ्यायला थांबले. "पण मागच्या खोलीत जाऊन रडती. मला वाटतं, माझ्यामुळंच."

आपलं रडणं कुणाला ऐकू जातं, हे अक्षताला आजवर माहीत नव्हतं.

"तुमच्यामुळं न्हाई रडत ती," ती म्हणाली.

"मंग ठीक हाय," ते म्हणाले आणि पुन्हा चालू लागले.

माथा शंभर पावलांवर राहिला तेव्हा त्यांना पुढं चढवेना. ते मटकन खाली बसले. तिनं उरलेलं पाणी पाजलं, पदर धरून तोंडावर सावली केली. त्यांना एकटीनं उतरवणं शक्य नव्हतं आणि मोबाइलला रेंज नव्हती. रेंज माथ्यावरच मिळायची. तिनं त्यांच्या हातातला विळा काढून घेतला.

"मामा, इथंच बसा. मी आलेच."

"साहेब आले तर सांगतो मी," ते म्हणाले.

माथ्यावर फोन लागला. कल्याण म्हणाला, "चार माणसं पाठवतो, तू त्यांच्याजवळच थांब."

ती परतली तेव्हा रखमाजी जागेवर नव्हते. घळीत दहा-बारा फूट खाली, एका सलईच्या बुंध्याला ते अडकले होते. पाय भलतीकडंच वळला होता. ओरडत नव्हते, नुसते तिच्याकडं बघत होते. ती घसरत खाली गेली आणि माणसं येईपर्यंत त्यांचं डोकं मांडीवर घेऊन बसली.

खुबा मोडला होता. वय आणि कमजोर छाती बघून डॉक्टरांनी ऑपरेशनला नकार दिला. रखमाजी आता बाजेवरच असतात. बोलणंही थांबलं. कल्याणनं एकदाच विचारलं, "एक फोन लावायला इतका टाइम?" ती बाजेवरची चादर बदलायला लागली, त्यानं पुन्हा विचारलं नाही. पण तेव्हापासून तो तिच्याशी कामापुरतंच बोलतो.

दुपारी शकीला येऊन बसते, म्हणजे अक्षताला घटकाभर पडता येतं. एकदा ती पडली नाही. शकीलाशेजारी भिंतीला टेकून बसली.

"फोन दोन मिनिटांत झाल्ता," ती म्हणाली. "मंग म्या तिथंच बसले. पलीकडची गावं दिसत होती, गार वारा लागत होता. तिथं मला कुणी हाक मारणार नव्हतं. उठूच वाटलं न्हाई. धा मिनिटं असतील, जास्त बी असतील."

शकीलानं दाराकडं एकदा बघून घेतलं.

"कल्याणला सांगितलं?"

"न्हाई."

बाजेवर रखमाजी कण्हले. कूस बदलायची वेळ झाली होती. अक्षता उठली. तिनं खांद्याखाली हात घातला, शकीलानं कमरेखाली, आणि दोघींनी मिळून त्यांना भिंतीकडं वळवलं.