तिसरी ओळ

घड्याळजींनी डाव्या हाताने गळाची काठी काउंटरवर आडवी ठेवली. उजवा हात प्लास्टरमध्ये, गळ्यातल्या झोळीत होता.

"कुणा नवशिक्याला द्या ही," ते म्हणाले. "माझं झालं आता."

दुकानदार आमिषाच्या डब्यांवर बर्फ पसरत होता. त्याने हात पुसले, पण काठीला हात लावला नाही.

"महिन्याभरात बरा होईल हात, काका."

"हाताचं काही नाही हो." घड्याळजींनी दाराबाहेरच्या फळ्याकडे मान वळवली. "तुमच्या फळ्यावर चक्क लिहिलं होतं, लाटा मोठ्या, पाण्यात उतरू नये. दवाखान्यातून परतताना मुलीने दाखवलं मला. आणि मी वाचलं काय, तर समुद्र शांत, गुडघाभर पाण्यात उभं राहायला हरकत नाही. अजून अक्षरन् अक्षर डोळ्यांसमोर आहे. जे नव्हतंच, ते वाचलं मी."

दुकानदाराने बर्फाचा खडा उचलला आणि पुन्हा होता तिथेच ठेवला.

त्या फळ्यावर रोज तीन ओळी असत. खोल समुद्राची पहिली ओळ मोठ्या होड्यांवरची माणसे फोनवर सांगत. किनाऱ्यालगतची दुसरी, छोट्या होड्या घेऊन परतणारे जाता जाता सांगून जात. तिसरी ओळ वाळूवर उभे राहून गळ टाकणाऱ्यांसाठी. तिच्यासाठी दुकानदार रोज पहाटे स्वतः किनाऱ्यावर जाई, लाटा पाही, पाण्यात पाय घालून ओढ किती आहे ते बघे आणि मगच खडू हातात घेई. या ओळीवर गावातली निम्मी म्हातारी माणसे विसंबून असत.

घड्याळजींचा हात मोडला त्या आठवड्यात उन्हाळा अंगावर आला होता. चार दिवस समुद्र तळ्यासारखा पडून होता आणि चार दिवस त्याने तेच लिहिले होते. चौथ्या रात्री उकाड्याने डोळ्याला डोळा लागला नाही. पहाटे पान हलत नव्हते. वाराच नाही तर लाटा कुठून येणार, असे म्हणून किनाऱ्यावर न जाताच त्याने कालचीच ओळ पुन्हा गिरवली. मोठ्या होडीवरून फोन आला होता, बाहेर लांब लांब लाटा उठताहेत, कुठेतरी दूर वादळ झाले असावे. ते त्याने पहिल्या ओळीत आपल्याच हाताने लिहिले. त्याच लाटा दोन-तीन तासांत वाळूवर पोचतील, हे त्याला कळत नव्हते असे नाही. त्याने विचारच केला नाही.

नऊच्या सुमारास ओरडा झाला. घड्याळजी पडले, दगडावर मनगट आपटले, दोघांनी ओढून बाहेर काढले. दुकानदार धावत बाहेर आला तो फडका घेऊनच. तिसरी ओळ पुसली आणि नवी लिहिली. आणखी कुणी पाण्यात उतरू नये म्हणून, असे त्याने स्वतःला सांगितले, आणि ते खोटेही नव्हते. पण दुपारी घड्याळजींची मुलगी दारात उभी राहिली आणि तिने विचारले, "हे सकाळपासूनच आहे का?" तेव्हा तो "हो" म्हणून गेला. एवढेच. एक अक्षर.

"डोळे तपासले," घड्याळजी सांगत होते. "डोळे ठणठणीत. आता मुलगी डोक्याच्या डॉक्टरकडे न्यायचं म्हणते. तिचंही बरोबर आहे. पायाखालची वाळू सरकली म्हणतात ना, माझी तर खरोखरच सरकली." ते हसले, पण कसेनुसे. "तोवर दुकान बंद. उद्या कुणाच्या घड्याळात काय बघेन आणि काय नाही, भरवसा कुणी द्यायचा?"

ते गेले. आतून दुकानदाराची बायको आली. त्या सकाळी तिने त्याला फळा पुसताना पाहिले होते, आणि तेव्हापासून त्या विषयावर ती चकार शब्द बोलली नव्हती. तिने काठीकडे पाहिले, मग त्याच्याकडे.

"किती दिवस ठेवायचं हे?" तिने विचारले, आणि उत्तराची वाट न पाहता आत गेली.

दुसऱ्या दिवशी भर दुपारी तो घड्याळजींच्या दुकानात गेला. शटर अर्धे खाली होते. वाकून आत शिरला तर घड्याळजी डाव्या हाताने, चिमट्याने एकेक स्क्रू चिमुकल्या बाटल्यांत टाकत होते. प्रत्येक बाटलीवर चिठ्ठी होती आणि प्रत्येक चिठ्ठीवर मुलीच्या अक्षरात, 'तपासले'.

"बसा," घड्याळजी म्हणाले.

तो बसला नाही. वाटेत जुळवलेली सगळी वाक्ये ऐन वेळी पळाली.

"काका, तुम्ही बरोबर वाचलं होतं. शांतच लिहिलं होतं मी. न बघता लिहिलं. तुम्ही पडल्यावर पुसून बदललं. ताईंनी विचारलं तेव्हा खोटं बोललो."

घड्याळजींनी चिमटा खाली ठेवला. दुकानदाराने मान खाली घातली. शिव्या खायच्या, हात उगारला तरी गप्प राहायचे, एवढे त्याने मनाशी पक्के केले होते.

"'हरकत'मधल्या 'ह'ला," घड्याळजी सावकाश म्हणाले, "खडू मोडला होता तुमचा. शेपूट दोनदा काढलं होतंत."

"हो काका. मोडला होता."

घड्याळजींनी डोळे मिटले. त्यांचे खांदे उतरले, श्वास सुटला, आणि दुकानदाराला दिसले की ते हसताहेत. डाव्या हाताने त्यांनी त्याचे मनगट धरले, घट्ट.

"फार उपकार झाले हो," ते म्हणाले.

दुकानदाराला वाटले, यापेक्षा थोबाडीत दिली असती तर बरे झाले असते. हात सोडवून घेणेही त्याच्या जिवावर आले. तो तसाच उभा राहिला, घाम कानामागून कॉलरमध्ये उतरत होता.

बाहेर चपलांचा आवाज आला. शटरखाली मुलीचे पाय दिसले, आणि जेवणाच्या डब्याचा तळ.

"तिलाही हेच सांगा," घड्याळजी हळूच म्हणाले. मग त्याच्या चेहऱ्याकडे बघून त्यांनी विचारले, "मी बाहेर जाऊ का तोवर?"

"नको," तो म्हणाला. "तुमच्यासमोरच सांगतो."

आणि त्याने पुढे होऊन शटर वर केले.