वाढवा, कमी करा, बंद करा

मी औषधाचा पंप बोलतोय. खाटेशेजारच्या दांडीला अडकवलेला, सिरिंज हळूहळू दाबत राहणारा. जन्मभर एकच काम केलं, पण लोकांनी तेही कधी सुखानं करू दिलं नाही.

सध्या माझ्या वाट्याला एक शिंपी आला आहे. गिऱ्हाइकाचं माप घेता घेता त्याचं हृदय बंद पडलं. आता हृदयाचं आणि फुप्फुसांचं काम पलीकडचं मोठं यंत्र करतं. रक्त नळ्यांतून बाहेर जातं, परत येतं. ते वाटेत गोठू नये म्हणून पातळ करायचं औषध मी देत होतो.

इथंच माझ्या डोक्याला ताप. हृदयाचे डॉक्टर येत आणि यंत्रात गुठळी धरतेय, वाढवा म्हणत. त्यांची पाठ वळते न वळते तोच मेंदूचे डॉक्टर हजर. डोक्यात रक्तस्राव होईल, कमी करा. दोघांचंही खरं होतं, हीच तर पंचाईत. मी किंचाळलो की येणारा-जाणारा हिरवं बटण दाबून मला पुन्हा कामाला लावी. शिंप्याची बायको कोपऱ्यातल्या स्टुलावरून हे सगळं बघत असे. तिच्याशी बोलायला मात्र कोणाला फुरसत नव्हती.

काल सिस्टरनं शिंप्याच्या डोळ्यांत टॉर्च मारला, तर एक बाहुली मोठी झालेली. स्कॅनमध्ये दिसलं, मेंदूत रक्तस्राव. लगेच मला बंद केलं, सिरिंज काढून नेली.

बायको जेवून परत आली तेव्हा माझा दिवा विझलेला. तिला वाटलं, डॉक्टरांनी आशा सोडली. तिनं सरळ हिरवं बटण दाबलं. काय म्हणावं या माणसांना! सिरिंज नव्हती म्हणून निभावलं. मी बोंब ठोकली, सिस्टर धावत आली.

"ताई, हे चालू राहिलं तर डोक्यातलं रक्त थांबणार नाही. बंद ठेवणं हाच आता उपचार आहे."

"मग हे मला कोणी सांगायचं होतं?"

सिस्टरनं तिला हाताला धरून स्टुलावर बसवलं. मलाही त्या बाईची फार दया आली.

आज पुन्हा स्कॅन झाला. रक्तस्राव थांबला की वाढला, ते आत्ता कळेल. दोन्ही डॉक्टर आलेत आणि सवयीनं माझ्याकडेच तोंड करून उभे आहेत. बाई उठून मध्ये आली.

"त्याच्याकडे नको, माझ्याकडे बघून सांगा."

सांगा हो तिला. नवरा तिचा आहे.