कप्तानाच्या मापाची सायकल

शर्यतीची सायकल घ्यायची तर कुठल्या कंपनीची, या एका प्रश्नावर कप्तानानं वर्षभर घरातल्यांचं डोकं खाल्लं होतं. कप्तान हे त्याचं क्लबातलं नाव. पोटापाण्यासाठी तो लिफ्ट दुरुस्त करायचा. दिवसभर दोन मजल्यांच्या मधे अडकलेली माणसं बाहेर काढायची आणि पहाटे, गल्ली जागी व्हायच्या आत, सायकल घेऊन चढाच्या रस्त्याला लागायचं, हा त्याचा नेम. बायको चष्म्याच्या दुकानात डोळे तपासायची. भिंगं बदलत "हे स्पष्ट की हे?" असं ती दिवसभर गिऱ्हाइकांना विचारायची, आणि संध्याकाळी चपला काढते न काढते तोच नवरा फोनवरची दोन चित्रं तिच्यापुढे धरायचा.

"ही बरी की ही?"

"मला दोन्ही सारख्याच दिसतात."

"डोळे तपासून घे एकदा," तो म्हणायचा.

त्याची आई आतल्या खोलीतून ओरडायची, "लग्न ठरवताना इतकी चौकशी नव्हती केली यानं! चाळिशी उलटली, आता सायकलीवरून उतर म्हणावं."

पण कप्तान गेल्या शर्यतीत त्याच्या वयोगटात चौथा आला होता, तेही सेकंडहँड, जडशीळ सायकलीवर. क्लबातले सगळे म्हणाले, तू कमी नाही पडलास, सायकल कमी पडली. तेव्हापासून त्याच्या मनात तीन कंपन्या घोळत होत्या. एक इटालियन: चढावर पिसासारखी, आणि दिसायला अशी की बघतच राहावं. एक तैवानची: दणकट, भरवशाची, नखरे नाहीत. तिसरी अमेरिकन: हँडल जरा उंच, लांब पल्ल्याला पाठ धरत नाही. मन इटालियनवर आणि अक्कल तैवानच्या सायकलीवर, असं त्याचं चाललं होतं. अमेरिकन त्यानं निव्वळ उपचार म्हणून यादीत ठेवली होती. "ती म्हाताऱ्यांची," तो म्हणायचा.

शेवटी एका शनिवारी दोघं दुकानात गेली. दुकानाच्या मालकाला सगळे पंक्चरशेठ म्हणत. आता काचेचं दालन, भिंतीवर दिव्यांच्या उजेडात टांगलेल्या सायकली असा थाट होता, पण सुरुवात पंक्चर काढण्यापासून झाली होती, आणि गावानं नाव बदलू दिलं नव्हतं. त्याला स्वतःला ते आवडायचं.

शेठनं कप्तानाला चौथऱ्यावर उभा करून मापं घेतली. पाय आतून, हात, खांद्यांची रुंदी. "वहिनी, शिंप्यानं सूट शिवावा तशी बसवून देतो बघा," तो म्हणाला. मग इटालियन सायकल खाली उतरवली आणि कप्तान एक फेरी मारून आला. परतला तेव्हा चेहऱ्यावर हसू होतं, पण सायकल शेठच्या हातात देताना तो म्हणाला, "गिअर जड आहेत, शेठ."

शेठनं स्क्रू फिरवले, तार ढिली केली. कप्तान पुन्हा जाऊन आला.

"अजून जडच."

शेठनं मागचं चाक उचललं, पेडल फिरवलं आणि करंगळीनं खटका दाबला. टक. पुन्हा दाबला. टक. तो कप्तानाकडे बघेना. "बोटं आखडली असतील थंडीनं," म्हणाला.

त्या दिवशी थंडी नव्हती. बायकोला एकदम आठवलं की कित्येक दिवसांत नवऱ्यानं एकाही बरणीचं झाकण उघडलेलं नाही. तो काही न बोलता बरणी तिच्याकडे सरकवायचा आणि ती काही न बोलता उघडून द्यायची. तिनं त्याचा उजवा हात हातात घेतला. अंगठा आणि तर्जनी यांच्यामधला फुगीर मांसल भाग बसला होता. तिथं नुसता खड्डा होता.

डॉक्टरांकडच्या चकरा झाल्या. सुया टोचून झाल्या, रेषेवरून चालवून झालं, जीभ बाहेर काढून झाली. शेवटी मोठ्या डॉक्टरीणबाईंनी दार लावून घेतलं आणि आजाराचं नाव सांगितलं. बोलताना त्या सावकाश बोलत होत्या. आधी हात, मग पाय, मग... पुढचं त्यांनी सांगितलं नाही. औषधानं वेग थोडा कमी होतो, म्हणाल्या.

कप्तान म्हणाला, "पुढच्या हंगामात माझी शर्यत आहे."

डॉक्टरीणबाईंनी त्याच्या बायकोकडे पाहिलं.

घरी आल्यावर तो रडेल असं तिला वाटलं होतं. त्यानं फोन काढला. "इटालियन बाद," तो म्हणाला. "त्या मॉडेलला तारेचेच गिअर येतात. आपल्याला बटणाचे हवेत. नुसता स्पर्श केला की बदलतात." आणि तैवानच्या सायकलीचं चित्र तिच्यापुढे धरलं.

ती म्हणाली, "ही छान आहे." दुसरं काय म्हणणार?

मग दर शनिवारी ती दोघं दुकानात जाऊ लागली. आधी वजनावरून ठरत होतं, आता बोटांवरून ठरू लागलं. ब्रेकचा दांडा मुठीच्या किती जवळ आणता येतो, हे शेठ मोजून सांगायचा. पुढे मान दुखायला लागली, वाकून बसणं जमेना, तेव्हा तैवानची सायकल मागे पडली आणि म्हाताऱ्यांची अमेरिकन पुढे आली. शेठ दर वेळी गंभीरपणे मापं घ्यायचा, जणू पहिल्यांदाच घेतोय. मग चहा यायचा. कप्तान दोन्ही हातांनी कप धरून प्यायचा आणि म्हणायचा, "पुढच्या शनिवारी नक्की करू." पुढच्या शनिवारी तेच.

एकदा भांडी आवरताना सासूबाई सुनेजवळ येऊन उभ्या राहिल्या. ज्या सायकलीला त्यांनी जन्मभर शिव्या घातल्या, तिचंच नाव घेऊन म्हणाल्या, "त्याला ती सायकल घेऊन दे गं. पाय आहेत तोवर घेऊन दे."

"आई, मी नको म्हणतेय का? तोच घेत नाहीये."

त्या संध्याकाळी ती नवऱ्यावर भडकली. तो पुन्हा फोन घेऊन बसला होता, अंगठा चालत नाही म्हणून बोटाच्या पेरानं पडदा सरकवत होता. "ही बघ, हिचं हँडल..." तो म्हणाला आणि तिचा बांध फुटला.

"घे ना एकदाची! कुठलीही घे! किती दिवस नुसतं ही की ती, ही की ती! मी दिवसभर दुकानात तेच ऐकते आणि घरी येऊनही तेच!"

त्यानं फोन मांडीवर ठेवला.

"घेतली की चालवावी लागेल," तो म्हणाला.

आतल्या खोलीत सासूबाईंची हालचाल थांबली. ती त्याच्याजवळ बसली.

दुसऱ्या दिवशी त्यानंच शेठला फोन लावायला सांगितला. ती फोन त्याच्या कानाशी धरून उभी होती. त्यानं इटालियन मागवली. तीच, तारेच्या गिअरची, त्याच्या जुन्या, निरोगी मापांची.

"अरे, पण..." ती म्हणाली.

"चालवायला घेत असतो तर अमेरिकन घेतली असती," तो म्हणाला.

सायकल आली. ती खरंच देखणी होती. सासूबाईंनी पदरानं पुसली, पुसायला काही नव्हतं तरी. कप्तान दोन दिवस नुसता समोर खुर्ची टाकून बसला. तिसऱ्या दिवशी म्हणाला, "एकदा बसवा मला."

गोदामांच्या मागचा रस्ता सुट्टीच्या दिवशी रिकामा असतो. शेठ एका बाजूला, बायको दुसऱ्या बाजूला, असं दोघांनी त्याला वर चढवलं, मुठी हँडलवर ठेवून दिल्या. पहिली काही पेडलं दोघं सीटला धरून धावली. मग पायांना आठवलं. सायकल हातातून निसटल्यासारखी पुढे गेली. शेठ धापा टाकत ओरडला, "सोडा वहिनी, सोडा!" आणि ती उभी राहून बघू लागली. त्याची पाठ सरळ होती, खांदे सैल, पाय गोल गोल फिरत होते. एवढ्या महिन्यांत तिनं त्याला असं पाहिलं नव्हतं. तिच्या तोंडून आरोळी निघाली, कसली ते तिलाच कळलं नाही.

रस्ता संपत आला. त्याला ब्रेक दाबता येईना.

शेवटच्या गोदामापाशी रिकाम्या खोक्यांची थप्पी होती, त्यात तो शिरला. फार लागलं नाही. कोपर सोलवटलं, गुडघा फुटला. पण तो खोक्यांमधे पालथा पडला होता आणि त्याला स्वतःहून कूस बदलता येत नव्हती. दोघांनी त्याला उलटा करून बसवलं तेव्हा त्याच्या ओठाला धूळ लागली होती.

"गिअर जड आहेत, शेठ," तो म्हणाला.

शेठ सायकल उचलायच्या निमित्तानं पाठमोरा झाला आणि उगाचच चाक तपासत राहिला.

त्यानंतर सायकल बाहेरच्या खोलीत भिंतीला टेकून राहिली. हिवाळा सरता सरता पायांनी दगा दिला. घरात चाकाची खुर्ची आली आणि दोन्ही मावेनात. "विकून टाक," तो म्हणाला. तोवर त्याचे शब्द एकमेकांत मिसळू लागले होते, जेवताना घास अडायला लागला होता. पण हे दोन शब्द नीट आले.

शेठनं एका मुलीला पाठवलं. ती इस्पितळात नर्स होती आणि शर्यतीत उतरायची. सायकल बघताच ती उकिडवी बसली, फ्रेमवरून हात फिरवला. मग कप्तानाकडे वळून मनापासून म्हणाली, "दादा, माझं ही आणि तैवानची यात ठरतच नाहीये. तुम्ही हीच का घेतलीत?"

कप्तानाचा चेहरा उजळला. तो बोलायला लागला. चढावर पुढचा भाग कसा हलत नाही, उतारावर वळण कसं धरते, फ्रेमच्या एका कार्बनमधे आणि दुसऱ्या कार्बनमधे फरक काय. मुलगी पुढे वाकली, तिनं दोनदा "हो हो" केलं, आणि मग गोंधळून त्याच्या बायकोकडे पाहिलं. बायको सांगू लागली. तो एक वाक्य बोलायचा, ती तेच परत बोलायची. इतके दिवस ऐकून ऐकून तिला सगळं पाठ झालं होतं. एका ठिकाणी तिनं त्याच्या आधीच वाक्य पुरं केलं, तर तो हसला.

मग मुलगी सायकलवर बसून बघायला अंगणात गेली. सीट पार खाली घेतली तरी तिचे पाय नीट पोचेनात, हँडलही लांब पडत होतं. "मोठी होतेय हो," ती ओशाळून म्हणाली. "माझ्या उंचीला नाही जमणार."

निघताना दारात ती थांबली आणि आवाज खाली घेऊन बायकोला विचारलं, "गिळायला त्रास सुरू झालाय का?"

"नाही," बायको म्हणाली. "अजून नाही."

मुलीनं मान हलवली आणि गेली.

बायको आत आली तेव्हा कप्तान काहीतरी म्हणाला. तिला कळलं नाही. आजवर असं कधी झालं नव्हतं. दुसऱ्यांना कळलं नाही तरी तिला कळायचं. ती खुर्चीजवळ गुडघ्यांवर बसली.

"पुन्हा सांग."

तो पुन्हा म्हणाला. लांबलचक काहीतरी होतं. अर्ध्यात त्याला दम लागला.

"पाणी हवंय?"

त्यानं मान हलवली. नाही.

"सायकल आत घेऊ? शेठना फोन करू? त्या मुलीबद्दल म्हणतोयस?"

नाही. त्यानं तिसऱ्यांदा सांगितलं. ती त्याच्या ओठांकडे टक लावून बघत राहिली, एकेक आवाज पकडायला बघत होती, पण हाती काही लागेना. तिच्या डोळ्यांत पाणी आलं आणि ओठही दिसेनासे झाले.

तो थांबला. त्यानं श्वास घेतला.

"जाऊ दे," तो म्हणाला. अगदी स्पष्ट.