टेपचं दुसरं टोक

शनिवारी सकाळी नीलाच्या वर्गमित्राने येणं कॅन्सल केलं, आणि मोजायच्या टेपचं दुसरं टोक धरायला कोणीच उरलं नाही.

नीला सिव्हिलमध्ये मास्टर्स करत होती. भूकंपात जुन्या मातीच्या भिंती कशा टिकतात, हा तिचा विषय. स्पॅनिश पाद्र्यांनी पूर्वी कॅलिफोर्नियात एका राजरस्त्याच्या कडेने एकवीस मिशन, म्हणजे धर्मप्रसाराची ठाणी, बांधली होती. त्यांतलं सान ह्वान बाउतिस्ताचं चर्च भूकंपाच्या भेगेच्या अगदी काठावर उभं आहे. तिथली मापं सोमवारी प्रोफेसरांना द्यायची होती.

तिने जवळच सांता क्लारात राहणाऱ्या, महाराष्ट्र मंडळातल्या ओळखीच्या चारुदत्तच्या घरी फोन लावला. तो शनिवारीही ऑफिसला गेला होता. फोन उचलला त्याच्या आईने. प्रतिमाकाकू नागपूरहून येऊन दोन महिने झाले होते, आणि एवढ्या दिवसांत त्यांनी सुपरमार्केट आणि मंडळाचा गणपती सोडून काही पाहिलं नव्हतं. त्यांनी अडचण ऐकून घेतली.

"नुसतं टोकच धरायचं ना? मग मी येते," त्या म्हणाल्या. "मुलाचे बूट घालते. दहा मिनिटांत ये."

तासाभरात दोघी पोचल्या, तर चर्चमधून लग्नाची वरात बाहेर पडत होती. गिटार, तुतारीसारखी वाद्यं, रंगीत झालरींचे फ्रॉक. नीलाने निमूट बाहेरच्या लांबलचक कमानींच्या व्हरांड्यापासून सुरुवात केली. काकू साडीचा पदर खोचून टोक धरून उभ्या राहिल्या. दोनच कमानी झाल्या असतील, तेवढ्यात नवरीची आजी, एलेना, काकूंजवळ येऊन उभी राहिली. काय चाललंय ते तिला खुणांनीच समजलं, आणि तिनेही टेपला हात लावला.

मग तिने काकूंना समोरच्या हिरवळीवर मांडलेल्या जेवणाच्या टेबलाशी ओढत नेलं. टेबलावर थाप मारून म्हणाली, "मेसा."

काकू थबकल्या. "मेज," त्या म्हणाल्या.

एलेनाने नातवाचा शर्ट चिमटीत धरला. कामिसा. कमीज, काकू म्हणाल्या. हात धुतल्याची खूण झाली, हाबोन. काकूंनी साबण म्हटलं. टोपलीतलं संत्रं उचललं गेलं, नारान्हा. काकूंनी 'नारिंगी' म्हणेपर्यंत दोघी एकमेकींच्या खांद्यावर डोकं टेकून हसत होत्या, आणि नीला टेप गुंडाळायची विसरून बघत राहिली होती.

पुढचं मोजमाप नीलाच्या हातात राहिलंच नाही. नवरदेवाच्या मामाने टेप घेतली. दहा-बारा पाहुणे रांगेने धरायला उभे राहिले. पोरं स्पॅनिशमध्ये आकडे ओरडायची, सात आणि नऊ तर ऐकायलाही ओळखीचे वाटायचे म्हणून काकू ते मराठीत पुन्हा म्हणायच्या, आणि नीला वहीत लिहून घ्यायची. मामाला दोन इंचांचा संशय आला म्हणून सगळा व्हरांडा तीनदा मोजला गेला. तिन्ही वेळा आकडा वेगळा आला. नीलाने तिन्ही लिहिले.

वाद्यं वाजू लागली तशी एलेनाने काकूंना नाचायला बोलावलं. काकूंना तो नाच येत नव्हता. त्यांनी तिचे दोन्ही हात उलटसुलट अडकवून धरले, पाय पायांना भिडवले, अंग मागे टाकलं आणि फुगडी घातली. एलेना आधी किंचाळली, मग तिनेही जोर लावला. काळा झगा आणि हिरवी साडी गरगर फिरू लागली. गिटारवाल्याने ताल वाढवला. थांबल्या तेव्हा दोघी जणी हिरवळीवर बसल्या, आणि आकाश अजून फिरतंय असं काकू नीलाला सांगत होत्या. मागून नवरी हात पुढे करून रांगेत उभीच होती. काकूंनी तिच्याशी घातली, मग मामाच्या बायकोशी, मग नीलाशी.

परत निघाल्या तेव्हा काकूंच्या मांडीवर लग्नातल्या केकचा डबा होता. दोघींना हसू आवरत नव्हतं. त्या नादात नीलाने उत्तरेऐवजी दुसराच फाटा धरला, आणि पंचवीस मैलांनंतर समोर समुद्राची निळी रेघ दिसली. तिने गाडी कडेला घेऊन नकाशा उघडला आणि चुकल्याचं कबूल केलं. आता वळून जाऊ, म्हणाली.

"चारुदत्तला फोन करून सांग, उशीर होईल," काकू म्हणाल्या. "पण आधी पाण्यात जाऊ."

त्यांनी बूट काढले, साडी गुडघ्यांपर्यंत उचलली, आणि केकचा डबा नीलाच्या हाती देऊन वाळूवरून पळत सुटल्या.