निकाली

साहेब, तुम्ही धडधडीत खोटं बोललात. नलूच्या मोबाइलमध्ये तुमचा मेसेज अजून आहे: "गढूळ पाण्याबाबतची आपली तक्रार निकाली काढण्यात आली आहे." तो आला तेव्हा वणी रस्त्यावरच्या तिच्या वस्तीत नळाला चहाच्या रंगाचं पाणी होतं. चहा तरी माणूस गाळून देतो.

आठ दिवसांनी नलूची चौदा वर्षांची वॉशिंग मशीन रुसली. बटण दाबलं की गुरगुरायची, पण पाणी आत घेईना. घरात सासू, शीलाबाई, खुब्याचं हाड मोडून अंथरुणावर. दिवसाला चार चादरी ओल्या. नलूचं उजवं मनगट गेल्या साली मोडलेलं, तिला पिळणं जमत नाही. म्हणजे मशीन बंद तर म्हातारी ओल्यातच, आणि पाठ आत्ताच लाल झालेली.

मेकॅनिकनं मशीन उघडलीसुद्धा नाही. "म्हातारी झाली जी. टाकून द्या."

"कोणाले टाकून देऊन राह्यला रे?" आतून शीलाबाई कडाडली.

नलूचा नवरा धर्मपाल कोळशाचा ट्रक चालवतो, पण घरात त्याचं इंजिन थंड. "बरोबर म्हणते तो. भंगारात देऊ वं."

"काहून? एकडाव मांगून वाकून तरी पाह्यलं का तुम्ही?"

मेकॅनिकला वाटेला लावून नलूनं प्लग काढला, नळ बंद केला, मागचा पाइप फिरवून सोडला. पाइप मशीनीत शिरतो तिथं बोटाच्या पेराएवढी जाळी असते. ती पकडीनं ओढली. जाळी कुठली, चिखलाचं बूच! जुन्या टूथब्रशनं घासली, परत बसवली, नळ सोडला. मशीनीत धो धो पाणी.

"भरून राह्यली ना वं?" शीलाबाई आतून म्हणाली. "मले बी पाहा ना कोणी असं खोलून."

धर्मपाल हसला. नलू हसली नाही. हीच जाळी आठ दिवसांत पुन्हा बुजणार होती.

तिनं तो गाळ खोकल्याच्या औषधाच्या रिकाम्या बाटलीत भरला आणि तडक तुमच्या पाणीपुरवठा ऑफिसात आली. तुम्ही मोबाइलमधून डोकं वर न काढता म्हणालात, "बाई, तुमची तक्रार निकाली काढलेली आहे."

नलूनं बाटली तुमच्या टेबलावर ठेवली.

"काढली न साहेब? मंग काढून टाकली कुठं? माह्या मशीनीत? तोंड उघडा, मी इथंच उभी हाओ."