ताईंचे उघडे डोळे

आमच्या ह्यांना जुन्या बाजारातून लेन्स उचलून आणायचं वेड आहे. माझ्या कपाटाचा मधला कप्पा त्या वेडापायी कधीच गेला. एका लेन्समध्ये बुरशी, दुसरीची कडी फिरता फिरत नाही, तिसरीवर कुणा परक्या माणसाचं नाव कोरलेलं. नव्या कॅमेऱ्याबरोबर आलेली, आपोआप फोकस करणारी लेन्स मात्र डब्यात पडून. का, तर म्हणे हाताने कडी फिरवण्यात मजा असते. आता या मजेला मी काय बोलणार, कपाळ?

पण त्या दिवशी मी बजावून ठेवलं होतं, भंगार काढायचं नाही. माझी मोठी जाऊ दुसऱ्या दिवशी मोठ्या दिरांसोबत लेकीकडे कायमची राहायला जाणार होती. मी त्यांना ताई म्हणते. नवी नवरी असताना मी भात करपवायची, आणि सासूबाईंना वास लागायच्या आत ताई दुसरा चढवायच्या. अशा माणसाचा घरात एकही धड फोटो नव्हता. कॅमेरा दिसला की त्यांचे डोळे मिटायचेच. फ्लॅश बंद करा, दिवा बंद करा, काही उपयोग नाही. डोळे मिटलेल्या ताई मला भिंतीवर नको होत्या.

दुपारी सगळे बैठकीत जमलो. मोठे दीर, मुलं, सोफ्यावर मधोमध ताई आणि त्यांच्या शेजारी मी. नव्या लेन्सने फोटो काढले, आणि प्रत्येकात ताई गाढ झोपलेल्या. "जाऊ दे गं," त्या म्हणाल्या, "माझं थोबाड नाही त्याला आवडत." हसत म्हणाल्या, पण मला रडूच यायला लागलं.

तेवढ्यात आमचे हे कपाटाकडे गेलेच. जित्याची खोड. जुनी, जाड लेन्स आणून बसवली, बटण दाबलं, तर कॅमेरा ढिम्म. पडद्यावर अक्षरं उमटली, लेन्स लावलेली नाही. या जुन्या लेन्सना तारा नाहीत, वीज नाही, त्यामुळे नव्या कॅमेऱ्याला त्यांचा पत्ताच लागत नाही.

मोठे दीर म्हणाले, "घ्या, नाकावर एवढा मोठा भोंगा बसलाय आणि याला दिसत नाही." सगळे सैल झाले. हे खाली मान घालून कॅमेऱ्यात काय काय चाळत बसले. ताईंच्या कपाळावर आलेली बट मी कानामागे सारायला लागले. त्या माझ्याकडे वळून म्हणाल्या, "आता भात कोण चढवेल गं तुझा?" आणि खुदकन हसल्या.

"झालं," हे म्हणाले. "लेन्स नसली तरी फोटो काढ, असं सांगावं लागतं त्याला. सांगितलं आणि काढला."

मी झडप घालून कॅमेरा घेतला आणि माझं डोकंच फिरलं. दीर धुरकट, मुलं धुरकट, माझा चेहरा म्हणजे नुसता पिठाचा गोळा. फोकस करताना लेन्सचं तोंड पूर्ण उघडतात, आणि घोळक्याचा फोटो असेल तर नंतर कडी फिरवून ते बारीक करायचं असतं, म्हणजे सगळे स्पष्ट येतात. तेवढंच हे विसरले होते. मी तोंड सोडणार, तेवढ्यात ताईंनी कॅमेरा हातात घेतला.

त्या सगळ्या धुक्यात ताई एकट्या स्वच्छ होत्या. डोळे टक्क उघडे, त्यात हसू. आणि त्यांच्या कानाशी माझा हात, बांगडीच्या ओरखड्यासकट.

ताई बराच वेळ बघत राहिल्या. "अगं," त्या हळूच म्हणाल्या, "माझे डोळे तर आईसारखे आहेत."

मी तोंड मिटलं. संध्याकाळी फोटो भिंतीवर लागला आणि मी कपाटाचा खालचा कप्पाही रिकामा करून दिला.