नेमेसियोचा हात

“मास्तर, हा हात तुमचाच ना?”

मक्याचा गाळा चालवणाऱ्या एर्मिंदाने विचारलं खरं, पण उत्तर तिने आधीच ठरवलेलं होतं. बाजाराच्या फाटकावर नगरपालिकेची नोटीस लागली होती: महिनाअखेर सगळे गाळे रिकामे करा, इथे वाहनतळ होणार. आणि ती होती नेमेसियोच्या अक्षरांत. पोट फुगवलेला ओ, पाय उडवणारा आर, शेपूट हलवणारा एस. पेरू देशातल्या वांकायो शहराच्या या बाजारात मक्याच्या, कोंबडीच्या, पपईच्या रसाच्या गाळ्यांवर नेमेसियोने उभं आयुष्य हीच अक्षरं ब्रशने नाचवली होती.

“मी नाही लिहिलं,” तो म्हणाला.

“मग काय, अक्षरं आपल्या पायांनी पालिकेत चालत गेली?” कोंबडीवाला सातुर्निनो म्हणाला. “परवा तिकडच्या साहेबाबरोबर कॉफी ढोसत होतात. पाहिलंय मी.”

“त्याच्या दारावर पाटी रंगवायची होती.”

“हो ना, पाटीच. आमच्या थडग्यावरची!”

नेमेसियोने नोटिशीला जवळजवळ नाक लावलं. “अरे, हे बघा. यातले सगळे ए हुबेहूब सारखे. माझ्या हातून असे जुळे कधी निघालेत का?”

कुणी बघायला पुढे आलं नाही.

घरी जाताना त्याला एकेकाचा संशय येत गेला. सोडून गेलेल्या शागिर्दाचा, छापखानेवाल्याचा, त्या साहेबाचा. दार उघडलं, तर त्याची मुलगी हिमेना कॉम्प्युटरसमोर बसली होती. बापाला पाहताच तिने स्क्रीन बंद केला.

“काय लपवतेस?”

“काही नाही, बाबा.”

“हिमेना.”

ती रडायलाच लागली. “तुमच्या पाट्यांवरून मी सगळी अक्षरं काढली, बाबा. त्यांचा फॉन्ट करून इंटरनेटवर टाकली, कुणीही फुकट वापरावीत म्हणून. ब्रशचं काम आटत चाललंय, म्हटलं निदान अक्षरं तरी राहतील. शाळांनी घेतली, केकवाल्यांनी घेतली, एका सर्कशीनंसुद्धा. तुमच्या वाढदिवसाला सांगणार होते. कुणी ती नोटिशीला लावेल असं मनातही आलं नाही हो!”

“नाव काय दिलंस त्यांना?”

“नेमेसियो.”

हिमेना त्या बाजारातच वाढली होती. एर्मिंदा तिची धर्ममाता. आई गेल्यावर पोरीची वेणी तीच घालायची.

“बाजारात कुणाला काही बोलायचं नाही,” तो शेवटी म्हणाला. “माझी शपथ आहे.”

सकाळी एर्मिंदा आपल्या गाळ्याच्या दारातच उभी होती.

“शेवटचं विचारते, मास्तर.”

“अक्षरं माझीच आहेत,” नेमेसियो म्हणाला.

ती आत गेली आणि शिडी घेऊन आली. वर चढून पत्र्याच्या पट्टीने ती गाळ्यावरचं आपलं नाव खरवडू लागली. लाल-पिवळे पापुद्रे खाली गळायला लागले. फरशी तिथे उखडलेली होती, शिडी डुगडुगली. नेमेसियो पुढे झाला आणि दोन्ही हातांनी शिडी धरून उभा राहिला. एर्मिंदाने एकदा खाली पाहिलं, मग पुन्हा पट्टी चालवली.

“सावकाश,” तो म्हणाला. “रंगाचे तीन हात दिलेत. वेळ लागेल.”